शिरोरेषा वाकते की तुटते? पडद्यावरची सुरकुती आणि पडद्याचं भोक

वडोदऱ्यातल्या मराठी वाचकाकडे डोळा तपासायचं एक साधन घरातच असतं: शिरोरेषा. रस्त्यावरच्या गुजराती पाटीत अक्षरं सुटी उभी असतात, एखादं जरा झुकलं तरी नजर सावरून घेते. मराठी ओळीच्या डोक्यावरून मात्र सरळ रेघ जाते, ती वाकली की लपत नाही. वाचायचा चष्मा लावा, एक डोळा तळहाताने झाका, पान साधारण ३० सेंटिमीटरवर धरा आणि ओळीतल्या मधल्या शब्दावर नजर रोखा. मग दुसऱ्या डोळ्याने तेच. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर चांगला डोळा दुसऱ्याची चूक झाकून घेतो. त्यामुळेच डोळ्याच्या आतल्या पडद्यावर (रेटिनावर) सुरकुती पडली किंवा त्याला भोक पडलं तरी कित्येकांना महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही.

समजा शब्द आहे ‘सयाजीबाग’. मॅक्युलर पकर, म्हणजे पडद्यावरची सुरकुती असेल, तर सगळी अक्षरं दिसतात, पण शिरोरेषा लाटेसारखी हलते आणि अक्षरं धूसर किंवा थोडी मोठी भासतात. खिडकीचे गज, दाराची चौकट, रस्त्यावरचा विजेचा खांब, सगळ्यालाच बाक येतो. मॅक्युलर होल, म्हणजे पडद्याचं भोक असेल, तर नजर रोखलेला ‘जी’ अर्धामुर्धा गिळल्यासारखा होतो आणि आजूबाजूचे ‘या’ आणि ‘बा’ मध्याकडे ओढले जातात. समोरच्या माणसाचे कान दिसतात, नाक आक्रसतं. सुरुवातीच्या लहान भोकात हा फरक पुसट असतो, म्हणून घरची चाचणी ही फक्त इशारा समजावी.

दोन्हींची गल्लत होण्याचं कारण मुळातच आहे. डोळ्याच्या पोकळीत भरलेलं जेल पन्नाशीनंतर आक्रसतं आणि पडद्यापासून सुटू लागतं. सुटताना पडद्यावर काही पेशी राहिल्या, तर त्या पसरून पारदर्शक पापुद्रा तयार करतात. दुधावरची साय थंड होताना आकसते तसा तो आकसतो आणि खालच्या पडद्याला चुण्या पाडतो. ही झाली सुरकुती. पडदा फाटणं, डोळ्याच्या आत सूज येणं, मधुमेह, आधीची शस्त्रक्रिया यांच्यानंतरही ती येते. याउलट जेल मॅक्युलाच्या (पडद्याच्या मधल्या, बारीक बघणाऱ्या भागाच्या) नेमक्या मध्याला चिकटून राहिलं आणि ओढत राहिलं, तर तिथे आरपार छिद्र पडतं. साठीनंतर, आणि बायकांमध्ये जास्त.

तपासणीतही एक फसवा प्रकार आहे. कधीकधी आकसलेल्या पापुद्र्याच्याच मधोमध गोल फट राहते आणि वरून पाहिलं तर हुबेहूब भोक दिसतं. पडदा मात्र शाबूत असतो. म्हणून ओसीटी स्कॅनशिवाय ऑपरेशनचा निर्णय होऊ देऊ नका. ओसीटीत पडद्याचा उभा छेद दिसतो, सुई टोचावी लागत नाही आणि काम काही मिनिटांत होतं. भोक असेल तर त्याची रुंदी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजतात: २५० पर्यंत लहान, ४०० पर्यंत मध्यम, त्यापुढे मोठं. हा आकडा विचारून लिहून ठेवा, पुढचं बरंच त्यावर ठरतं.

खरा फरक घाईचा आहे. सुरकुती बहुतेकांमध्ये वर्षानुवर्षं जागच्या जागी राहते. वाचन, शिवण, गाडी चालवणं नीट चालत असेल तर काही महिन्यांनी ओसीटी करत राहणं पुरे. थेंब, गोळ्या, डोळ्यांचे व्यायाम यांनी पापुद्रा विरघळत नाही. नवा नंबरही वाकडेपणा काढत नाही. त्रास वाढला तर व्हिट्रेक्टमी करतात: डोळ्याच्या पांढऱ्या भागात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची तीन छिद्रं, जेल काढणं, निळ्या रंगाने पापुद्रा उठावदार करणं आणि बारीक चिमट्याने तो सोलणं. बहुधा भूल फक्त डोळ्यापुरती. नजर हळूहळू सुधारते, तीन ते सहा महिने, कधी वर्षही. वाकडेपणा कमी होतो, पण अजिबात नाहीसा होईलच असं नाही, आणि हे आधीच समजून घेतलेलं बरं.

भोकाला इतकी उसंत नसते. अगदी सुरुवातीच्या टप्प्यातली काही आपोआप मिटतात, पण आरपार पडलेलं भोक जितकं जुनं आणि रुंद होतं तितका निकाल घसरतो. १९९१ साली नील केली आणि रॉबर्ट वेंडेल या अमेरिकी नेत्रसर्जनांनी ऑपरेशनने भोक मिटतं हे दाखवलं, तेव्हा ते ५८ टक्के डोळ्यांत मिटलं होतं. आता लहान-मध्यम भोकांत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे. इथेही व्हिट्रेक्टमीच, पण शेवटी डोळ्यात गॅस भरतात, आणि पेशंटची खरी मेहनत तिथून सुरू होते. बुडबुडा वर तरंगतो, म्हणून तो पडद्यावर टेकावा यासाठी मान खाली ठेवावी लागते. किती दिवस, ते भोकाच्या आकारावर आणि सर्जनवर अवलंबून. टेबलावर उशी ठेवून कपाळ टेकवणं, ताट मांडीवर घेणं, फोन खाली धरून पाहणं, याची तयारी ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच करा. उताणं झोपणं वर्ज्य. सुरकुतीच्या ऑपरेशननंतर सहसा यातलं काहीच लागत नाही, म्हणून शेजाऱ्याचा अनुभव आपल्याला लावू नये.

गॅस जिरेपर्यंत, म्हणजे एसएफ६ असेल तर साधारण दोन आठवडे आणि सी३एफ८ असेल तर सहा ते आठ, विमानप्रवास पूर्ण बंद. उंचीवर बुडबुडा फुगतो, डोळ्यातला दाब चढतो आणि नजर कायमची जाऊ शकते. मुलाकडे परदेशी जायचं तिकीट आधीच पुढे ढकला, पावागडचा डोंगरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढू नका. दुसऱ्या कुठल्या कारणासाठी भूल द्यायची वेळ आली तर डोळ्यात गॅस आहे हे भूलतज्ज्ञांना सांगा, नायट्रस ऑक्साइडनेही तसाच धोका होतो. बुडबुडा जिरताना वरून स्पष्ट दिसू लागतं आणि पाण्यासारखी डुलणारी कड रोज थोडी खाली सरकते.

दोन्ही ऑपरेशनांनंतर साठीच्या पुढच्या बहुतेकांना वर्षा-दोन वर्षांत मोतीबिंदू वाढतो, म्हणून काही सर्जन तो एकदमच काढतात. पडदा सरकण्याचा धोका शंभरात एक-दोन, त्यामुळे बाजूने काळी सावली येताना दिसली, विजा चमकल्या किंवा ठिपक्यांचा पाऊस पडला तर त्याच दिवशी जा. रेघा अचानक, एक-दोन दिवसांत वाकल्या तर त्यामागे पडद्याखालचा रक्तस्राव किंवा पाणी असू शकतं, त्यावर इंजेक्शन लवकर लागतं. भोक एका डोळ्याला झालेल्यांपैकी सुमारे दहात एकाला पुढे दुसऱ्या डोळ्यालाही होतं. तो डोळा दर रविवारी एकट्याने त्याच ओळीवरून फिरवून पाहा.