ड्रायव्हरचा शाफ्ट: फ्लेक्स वेगळा, वजन वेगळं

तुमच्या ड्रायव्हरला, म्हणजे सर्वांत लांब फटका मारायच्या काठीला, कोणता शाफ्ट (दांडा) आहे, असं विचारलं की बहुतेक गोल्फर एक अक्षर सांगतात. ‘आर’ किंवा ‘एस’. हे अक्षर फ्लेक्सचं, म्हणजे शाफ्टच्या ताठपणाचं. तो किती ग्रॅमचा आहे, हे मात्र क्वचितच कुणाला सांगता येतं. मग चेंडू एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जायला लागला की ‘शाफ्ट मऊ पडतोय’ असं ठरवून लोक पुढचं अक्षर विकत घेतात. दुखणं वजनाचं आणि औषध फ्लेक्सचं, हा प्रकार इतका सर्रास चालतो की आता त्याबद्दल नीट लिहायलाच हवं.

फ्लेक्सवर फार वेळ घालवत नाही, तो सगळ्यांना माहीत आहे. एल, ए, आर, एस, एक्स असा ताठपणा वाढत जातो. स्विंगच्या ताशी 85 ते 95 मैल वेगाला आर, 95 ते 105 ला एस, हा तक्ता अनेकांना पाठ असतो आणि सुरुवातीपुरता तो ठीकही आहे. पण या अक्षरांना सर्वमान्य माप नाही. एका कंपनीचा आर दुसरीच्या एसइतका ताठ असू शकतो. शिवाय नुसत्या वेगावरून फ्लेक्स ठरत नाही. काठी मागे नेल्यावर (बॅकस्विंग) तिथल्या टोकावरून खाली येताना तुम्ही किती झटका देता, यावर शाफ्टवरचा ताण ठरतो. 95 मैलांचा संथ लयीचा खेळाडू आणि 95 मैलांचा झटकेबाज खेळाडू यांना एकच शाफ्ट देणं चूक आहे.

आता वजन. ड्रायव्हरचे शाफ्ट साधारण 40 ते 80 ग्रॅमचे असतात. फुजिकुरा कंपनीच्या व्हेंटस शाफ्टवर ‘6 एस’ लिहिलेलं असतं, त्यातला 6 म्हणजे साठ ग्रॅमचा गट आणि एस म्हणजे फ्लेक्स. प्रोजेक्ट एक्स या ब्रँडच्या शाफ्टवरचा 6.0 मात्र फ्लेक्सचा आकडा आहे, अंदाजे एसच्या बरोबरीचा. गोंधळ इथूनच सुरू होतो.

खरी गोची पुढेच आहे. बाजारात वजन आणि फ्लेक्स हातात हात घालून वाढतात. एकाच मॉडेलमध्ये आरपेक्षा एस सहसा दोन-चार ग्रॅमने जड असतो. दुकानातल्या तयार ड्रायव्हरमध्ये तर आर पन्नाशीच्या गटातला आणि एस साठीच्या गटातला, असंही अनेकदा असतं. म्हणजे आर सोडून एस घेतला तेव्हा दोन गोष्टी एकदम बदलल्या. फटका सरळ जायला लागला की श्रेय अक्षराला मिळतं, काम मात्र दहा ग्रॅमनी केलेलं असू शकतं. अशा माणसाला पन्नास ग्रॅमचा एस दिला तर जुना त्रास परत येतो, आणि साठ ग्रॅमचा आर दिला तर तो मजेत खेळतो.

दोघांची कामंच वेगळी आहेत. ड्रायव्हरच्या हेडचं, म्हणजे चेंडूला मारणाऱ्या टोकाच्या भागाचं, गुरुत्वमध्य शाफ्टच्या रेषेच्या मागे असतं. चेंडूपाशी पोहोचताना हेड बाहेर ओढलं जातं आणि शाफ्ट पुढच्या बाजूला वाकतो. त्यामुळे फेसचा (चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचा) मागे कललेला कोन, म्हणजे लॉफ्ट, थोडा वाढतो आणि फेस किंचित बंद होतो, म्हणजे उजव्या हाताच्या खेळाडूसाठी डावीकडे वळतो. फ्लेक्सचा परिणाम इथे, म्हणजे चेंडूच्या उड्डाणकोनात आणि स्पिनमध्ये शोधायचा. वजनाचा परिणाम त्याच्या कितीतरी आधी, स्विंगच्या लयीवर होतो. फार हलकी बॅट हातात आली की फलंदाज चेंडू येण्याआधीच बॅट फिरवून मोकळा होतो, तसं फार हलक्या शाफ्टने हात शरीराच्या पुढे पळतात. चेंडू कधी फेसच्या बाहेरच्या टोकाला (टो) लागतो, कधी शाफ्टजवळच्या बाजूला (हील). फार जड शाफ्टने शेवटच्या काही होल्सवर हात मागे राहायला लागतात.

‘हलका शाफ्ट म्हणजे जास्त अंतर’ हे जाहिरातीतलं वाक्य मला अजिबात पटत नाही. हेड सुमारे 200 ग्रॅमचं, आणि तेही अगदी टोकाला. शाफ्टचं वजन पूर्ण लांबीवर पसरलेलं, त्यातलं बरंचसं हातांजवळ. दहा ग्रॅम कमी केल्याने वेग सहसा फारसा हलत नाही, पण फटका फेसच्या मध्यापासून सेंटीमीटरभर सरकला की त्याहून जास्त अंतर हातचं जातं.

म्हणून फिटिंगमध्ये, म्हणजे खेळाडूला साजेशी काठी ठरवताना, आधी वजन, मग फ्लेक्स, हाच क्रम मी योग्य मानतो. हेड तेच, लांबी तीच. एकाच मॉडेलचे 5 एस आणि 6 एस आलटून पालटून मारायचे. फेसवर पावडरचा स्प्रे मारला की ठसे दिसतात. या टप्प्यावर सर्वांत लांब गेलेल्या फटक्याकडे बघायचं नाही, ठसे किती जवळजवळ पडले ते बघायचं. वजन ठरलं की त्याच गटातले आर आणि एस घ्यायचे आणि मग ट्रॅकमॅन या चेंडूचं उड्डाण मोजणाऱ्या यंत्रावरचे उड्डाणकोन आणि स्पिनचे आकडे वाचायचे. ही फोड शंभर टक्के शुद्ध नाही, कारण त्याच मॉडेलचा जड शाफ्ट थोडा ताठही असतो. तरी दोन्ही गोष्टी एकदम बदलण्यापेक्षा ती कितीतरी बरी. शाफ्ट जड झाला की स्विंगवेटही, म्हणजे फिरवताना हेडकडची बाजू किती जड वाटते तेही, थोडं वाढतं. चांगला फिटर ते हेडच्या स्क्रूने जुळवून देतो.

टॉर्क म्हणजे शाफ्ट किती पिळतो, किक पॉइंट म्हणजे तो जास्त कुठे वाकतो. दोन्ही नंतर बघितले तरी चालतात.

दुकानात शाफ्ट हातात धरून हलवून ‘ताठ आहे’ म्हणणारा विक्रेता दिसला तर तिथून निघा. बाई आहे म्हणून एल आणि साठी ओलांडली म्हणून ए देणाऱ्यालाही पैसे देऊ नका. तुमचा स्विंग न बघता दिलेलं ते उत्तर आहे. आणि ‘पुरुषाने आर वापरू नये’ या समजुतीपायी कित्येक चांगल्या खेळाडूंनी अंतर आणि फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) दोन्ही गमावले आहेत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मुंबई-पुण्यात पावसाळ्यात फिटिंग करत असाल तर आणखी एक. ओल्या फेअरवेवर चेंडू घरंगळत नाही, म्हणून एकूण अंतराऐवजी कॅरीचा, म्हणजे चेंडू हवेतून किती लांब गेला त्याचा, आकडा बघा, आणि रेंजवरच्या झिजलेल्या चेंडूंऐवजी तुम्ही खेळता तेच चेंडू सोबत न्या. निघताना कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: शाफ्टचं नेमकं मॉडेल, ग्रॅममधलं वजन, बसवल्यानंतरची लांबी आणि हेडकडच्या टोकाकडून किती कापला ते. नुसतं ‘एस’ लिहून दिलं तर पुन्हा विचारा.