हातातले घड्याळ आणि कस्टमचे कलम 123

सोलापूरचे टॉवेल निर्यातदार जानेवारीत फ्रँकफुर्टच्या कापड-प्रदर्शनाला जातात. आखातात नोकरीला असलेली पोरे ईदला, दिवाळीला घरी येतात. दोघांच्याही तोंडी अलीकडे एक प्रश्न हमखास असतो: भारी घड्याळ हातात घालून आणले तर कस्टमवाले अडवतात का? सोलापूरच्या नवी पेठेत चौकशी केली तर ‘कुणी बघत नाही ओ’ असे उत्तर मिळते. ज्याला अडवले, त्याचे उत्तर अर्थातच वेगळे असते.

अडवल्यावर जे घडते ते फक्त आजच्या दरांवरून उमगत नाही. कायदा घड्याळाकडे मोबाइल किंवा कॅमेऱ्यासारखे बघत नाही, सोन्यासारखे बघतो. हे कसे झाले, ते आधी पाहावे लागते.

ब्रिटिश काळ थोडक्यात उरकता येईल. 1878चा सागरी सीमाशुल्क कायदा होता, घड्याळे स्वित्झर्लंडहून यायची आणि मुंबई-कलकत्त्याच्या पेढ्यांतून विकली जायची. सोलापुरात तेव्हा वेळ गिरणीच्या भोंग्यावर चाले. घड्याळ असायचे मालकाच्या आणि साहेबाच्या खिशात. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाचा दुष्काळ पडला आणि आयात परवान्यावर गेली. 1961 मध्ये जपानी सहकार्याने बंगळूरला सरकारी घड्याळ कारखाना उभा राहिला. तिथले एचएमटी घड्याळ मिळायला वाट पाहावी लागे, आणि लग्नात जावयाला घड्याळ देण्याची रीत तर थांबणार नव्हती. मागणी आणि पुरवठा यांतली ही फट कोकणच्या किनाऱ्याने भरून काढली. दुबईहून येणाऱ्या गलबतांत सोन्याच्या बिस्किटांशेजारी मनगटी घड्याळे असत. छोटी वस्तू, मोठी किंमत, लपवायला सोपी. ‘फॉरेनचे घड्याळ’ हा शब्दप्रयोग त्याच काळातला, आणि त्यात बिलाचा उल्लेख नसायचा हे सगळ्यांना ठाऊक होते.

आता मुख्य मुद्दा. फौजदारी असो वा करविषयक, ज्याने आरोप केला त्याने तो सिद्ध करावा, असा आपला साधा समज. 1955 मध्ये जुन्या सीमाशुल्क कायद्यात 178-अ हे कलम घुसवून हा समज सोन्यासारख्या काही वस्तूंपुरता उलटा केला गेला. अधिकाऱ्याने ‘हा माल तस्करीचा आहे असे मानायला वाजवी कारण आहे’ असे म्हणून माल जप्त केला, की तो तस्करीचा नाही हे मालकाने सिद्ध करायचे. सोन्याच्या एका जप्तीवरून प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि तिथे हे कलम घटनाबाह्य ठरले. सरकार अपिलात गेले. सप्टेंबर 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. युक्तिवादाचा गाभा असा: तस्करी देशाच्या अर्थव्यवस्थेवरच घाव घालते, तस्कराचा व्यवहार फक्त त्यालाच माहीत असतो, म्हणून मालमत्तेच्या आणि व्यापाराच्या हक्कावर घातलेले हे बंधन वाजवी आहे.

पुढच्याच वर्षी 1962चा सीमाशुल्क कायदा आला. 178-अ ची जागा कलम 123ने घेतली आणि सोन्याच्या पंगतीत घड्याळांचे नाव थेट कलमाच्या मजकुरात आले. मूळ यादीत हिरेही होते. ते पुढे काढले गेले. घड्याळे राहिली. सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 मध्ये रद्द झाला, परकीय चलनाचा ‘फेरा’ कायदा जाऊन 2000 मध्ये ‘फेमा’ आला, आयातीवरची उरलीसुरली संख्यात्मक बंधने एप्रिल 2001 पासून उठली, खुद्द एचएमटीचा घड्याळ विभाग 2016 मध्ये बंद करायचे ठरले. ज्या टंचाईपायी घड्याळ संशयित झाले ती टंचाई गेली, कारखाना गेला, शब्द मात्र कलमात आहे तिथेच आहे.

1961चा निकाल तेव्हाच्या परिस्थितीत समजण्याजोगा होता, हे मान्य करायला हरकत नाही. पण त्याची आजची झळ कोणाला बसते ते पाहा. हे कलम विमानतळापुरते नाही. ते दुकानात चालते, घरात चालते. आजोबांनी 1968 साली कुणाकडून तरी घेतलेले स्विस घड्याळ नातू विकायला काढतो. बिल नाही, डबा नाही. किंवा कुणी ओळखीच्या माणसाकडून जुने घड्याळ ‘बॉक्स-पेपर’शिवाय स्वस्तात घेतो. अधिकाऱ्याच्या संशयाला वाजवी आधार असावा लागतो, ही पहिली पायरी न्यायालये तपासतात, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. ती पायरी एकदा ओलांडली की कागद दाखवायची जबाबदारी तुमची. म्हणूनच जुन्या घड्याळांच्या धंद्यातला शहाणा माणूस आधी डायल बघत नाही, वॉरंटी कार्डावरचा क्रमांक मागच्या झाकणावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते बघतो.

प्रवाशाच्या बाबतीत याला दुसरा गुंता येऊन मिळतो, तो ‘वापरातल्या वैयक्तिक वस्तूं’चा. 2016च्या बॅगेज नियमांनी परदेशातून परतणाऱ्या रहिवाशाला दोन सवलती वेगवेगळ्या दिल्या: वापरातल्या वैयक्तिक वस्तू शुल्कमुक्त, आणि त्याखेरीज 50,000 रुपयांपर्यंतचा इतर माल शुल्कमुक्त. फेब्रुवारी 2026 मध्ये आलेल्या नव्या नियमांत ही मर्यादा 75,000 झाली. (ही मर्यादा 2014 मध्ये 35,000ची 45,000 झाली होती. नेपाळ, भूतान, म्यानमारहून येणाऱ्यांना 2016 मध्येही 15,000च.) वैयक्तिक वस्तू म्हणजे रोजच्या गरजेच्या वस्तू, त्यात दागिने धरायचे नाहीत, एवढीच 2016च्या नियमांतली व्याख्या. घड्याळ दागिना आहे की रोजची गरज, यावर ते नियम गप्प होते. वेळ बघणे ही रोजची गरज खरी. पण त्यासाठी सहा लाखांचे घड्याळ लागते का, असे अधिकारी विचारतो, आणि त्याचेही अगदीच चुकते असे नाही. शिवाय ‘वापरातली’ म्हणजे किती दिवस वापरलेली? फ्रँकफुर्टच्या दुकानातून निघताना हातात घातले ते मुंबईत उतरेपर्यंत वापरलेच की.

दागिन्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये, 1998च्या जुन्या नियमांखालच्या एका प्रकरणात, पर्यटक म्हणून आलेल्या महिलेच्या बाजूने निकाल दिला: वैयक्तिक वापराचा दागिना जुनाच असला पाहिजे असे नियम म्हणत नाहीत. तो आधार घड्याळवाल्यांनीही घेतला. 2025 मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने एका महागड्या घड्याळाच्या प्रकरणात म्हटले की एकच घड्याळ ‘व्यापारी प्रमाणा’त बसत नाही. याच न्यायालयाने आणखी एका प्रघातावर बोट ठेवले. कारणे दाखवा नोटीस नको, सुनावणीही नको, अशा मजकुराचा आधीच छापलेला कागद प्रवाशापुढे सरकवून सही घ्यायची. बारा तासांच्या प्रवासाने शिणलेला माणूस वाचत बसत नाही. अशी सही म्हणजे हक्क सोडणे नव्हे, असे न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले. जप्तीनंतर नोटीस सहा महिन्यांत द्यावी लागते, ती मुदत आणखी सहा महिने वाढू शकते. सोलापूरच्या माणसाला मात्र त्यासाठी मुंबईला किती खेपा घालाव्या लागतात, हे निकालपत्रात येत नाही.

दरांचे गणित आता. बॅगेजमधून आणलेल्या मालावर, मग ते घड्याळ असो की मिक्सर, एकच दर: 35 टक्के मूळ शुल्क आणि 2018 पासून त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे 38.5 टक्के. जीएसटी यावर लागत नाही. 6,00,000चे घड्याळ असेल तर 75,000 वजा जाता 5,25,000वर 2,02,125 रुपये. नवरा-बायको दोघे मिळून 1,50,000ची सूट मागतात. ती मिळत नाही, कारण सवलती एकमेकांत मिसळता येत नाहीत.

व्यापारी आयातीचा दर वेगळा. मनगटी घड्याळांवरचे शुल्क 2018च्या अर्थसंकल्पात 10वरून 20 टक्के झाले. अधिभारासह 22, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी (2017 मध्ये आधी 28 होता, नोव्हेंबरात उतरला), असे मिळून जवळपास 44. यावरून ‘हातात घालून आणले तर साडेपाच टक्के स्वस्त’ असा हिशेब लोक मांडतात. तो फसवा आहे. आयातदार शुल्क भरतो ते घाऊक किमतीवर. प्रवासी भरतो ते दुकानातल्या किमतीवर. जर्मनीचा 19 टक्के व्हॅट परत मिळतो खरा, पण 7,14,000च्या बिलात तो 1,14,000 असतो, त्यातून परतावा देणारी संस्था आपली दलाली कापते, आणि करमुक्त किंमत 6,00,000 धरली तरी इकडे 2,02,125 भरायचेच असतात. दुबईचा व्हॅट तर 5 टक्केच. थोडक्यात, सगळे जाहीर करून आणले तर फायदा फारसा उरत नाही. तो न सांगण्यातच आहे, आणि ग्रीन चॅनेलमधून, म्हणजे ‘जाहीर करण्यासारखे काही नाही’ म्हणणाऱ्यांच्या वाटेने, मान खाली घालून चालणाऱ्यांची गर्दी त्यामुळेच. व्हॅट परताव्याचा कागद बॅगेत आणि बाही मनगटावर ओढलेली, ही जोडी अधिकाऱ्यांच्या ओळखीची आहे.

सरकारने अलीकडे दोन्ही बाजूंनी दोर ओढला आहे. 22 एप्रिल 2025 पासून देशातल्या दुकानात 10 लाखांवरचे मनगटी घड्याळ घेतले की विक्रेता 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, वसूल करतो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण खरेदी पॅनवर नोंदली जाते. दुसरीकडे स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइन यांच्याशी 10 मार्च 2024ला झालेला व्यापार करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला आणि स्विस घड्याळांवरचे शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने जाणार आहे. ही सूट व्यापारी आयातीला आहे. बॅगेजचा दर वस्तूवर किंवा देशावर ठरत नाही, त्यामुळे झुरिकहून येणाऱ्या प्रवाशाला तिचा उपयोग नाही.

ज्यांच्याकडे चांगले घड्याळ आधीपासून आहे आणि जे तेच घालून परदेशी जातात, त्यांच्यासाठी सोय एकच: निघताना विमानतळावरच्या कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घेणे. घड्याळ दाखवावे लागते, क्रमांक लिहून घेतला जातो, परतताना कागद पुढे केला की वाद मिटतो. हे चेक-इनच्या आधी उरकायचे असते. होटगी रस्त्याच्या विमानतळावरून परदेशी विमान नाही, तेव्हा सोलापूरकराला हे काम मुंबई, पुणे किंवा हैदराबादला करावे लागते, आणि रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरून सकाळच्या विमानाला पळणाऱ्याकडे त्यासाठी वेळ उरत नाही. आदल्या दिवशी निघावे.