‘महिना १,९००’ : कीवर्डच्या आकड्यामागची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या एका दुकानात काही वर्षांपूर्वी एक कागद बघितला होता. दुकानदारांच्या मुलाने कुठल्याशा टूलमधून कीवर्डची, म्हणजे लोक गूगलवर शोधायला टाकतात त्या शब्दांची, यादी काढून प्रिंट मारली होती. इंग्रजी अक्षरांत ‘कोल्हापुरी चप्पल’ पाच तऱ्हांनी लिहिलेलं : एक ‘पी’, दोन ‘पी’, शेवटी ‘एस’, ‘ए’च्या जागी ‘ई’, आणि दोन्ही शब्द जोडून. पाचही ओळींसमोर एकच आकडा, महिन्याला तो शब्द किती वेळा शोधला जातो त्याचा. सोयीसाठी तो १,९०० धरू. पोराने खाली रेघ ओढून बेरीज मांडली होती, ९,५००. वडिलांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “म्हंजे महिन्याला साडेनऊ हजार गिऱ्हाईक?”

गिऱ्हाईक तर नव्हेच, साडेनऊ हजारही नव्हे. एकच ढीग पाच वेळा मोजलेला होता, आणि तो १,९०० सुद्धा १,९०० नव्हता. पोराचं गणित चुकलं नव्हतं. टूलने समोर ठेवलेलं त्याने सरळ मनाने बेरजेला घेतलं, एवढंच. हा आकडा असा का दिसतो, हे कळायला तो कुणासाठी तयार झाला ते बघावं लागतं.

सुरुवात जाहिरातीच्या लिलावातून झाली. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका शोधसेवेने शब्दांवर बोली लावायची सोय केली : जो जास्त पैसे देईल त्याची जागा वर, आणि पैसे क्लिक झाल्यावरच. बोली लावणाऱ्याचा पहिला प्रश्न साहजिकच ‘हा शब्द किती जण शोधतात?’ हा होता. त्यासाठी कंपनीने मोजणीचं एक टूल फुकट ठेवलं आणि त्या काळचे एसईओवाले, म्हणजे शोधाच्या निकालात साइट वर आणायचं काम करणारे, त्याच्यावर तुटून पडले. त्यात एकवचन-अनेकवचन एकाच डब्यात जायचं. स्वतःचा नंबर कितवा लागतो हे तपासत बसणाऱ्या प्रोग्रॅमचे शोधही त्यातच मिसळायचे. २००३ मध्ये ती कंपनी याहूने विकत घेतली आणि पुढे ते टूल बंद पडलं. मोजणीचं दुकान जाहिरात विकणाऱ्याचं, आणि आपण तिथले फुकटे गिऱ्हाईक, ही व्यवस्था मात्र आजतागायत तशीच आहे.

गूगलची जाहिरातसेवा २००० ची. तिच्या कीवर्ड टूलमध्ये बरीच वर्षं आकड्यांऐवजी नुसत्या पट्ट्या दिसायच्या, जास्त शोध तर लांब पट्टी. खरे आकडे जुलै २००८ मध्ये आले. शब्दाच्या शोधांचा चढ-उतार दाखवणारं गूगल ट्रेंड्स त्याआधीचं, २००६ चं, पण त्यातला ० ते १०० हा निर्देशांक असतो. निवडलेल्या काळातल्या सर्वोच्च बिंदूला १०० म्हणायचं आणि बाकीचं त्याच्या तुलनेत मांडायचं. ‘आमच्या शब्दाला १०० सर्च आहेत’ असं सांगणारे लोक अजून भेटतात.

पुढे दोन वर्षांच्या अंतरात दोन गोष्टी घडल्या. पूर्वी साइटच्या ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवर येणाऱ्यांच्या नोंदीत, माणूस कुठला शब्द टाकून आला ते दिसायचं. ऑक्टोबर २०११ पासून लॉग-इन केलेल्यांचे शोध कूटबद्ध झाले आणि त्या रकान्यात ‘नॉट प्रोव्हायडेड’ (माहिती दिलेली नाही) उमटू लागलं. सप्टेंबर २०१३ पर्यंत जवळपास सगळ्यांचंच तसं झालं. कारण ग्राहकाच्या खासगीपणाचं दिलं गेलं. जाहिरातदाराला त्याच्या क्लिकमागचे शब्द मात्र दिसत राहिले. त्याच वर्षी, ऑगस्ट २०१३ मध्ये, गूगलचं जुनं कीवर्ड टूल काढून त्याजागी कीवर्ड प्लॅनर आला. जुन्या टूलमध्ये आपसूक ‘ब्रॉड’ आकडा दिसायचा, म्हणजे त्या शब्दाच्या आसपासचा सगळा गोतावळा धरून. प्लॅनरने नेमक्या शब्दाचाच आकडा दाखवला. एका रात्रीत सगळ्यांचे आकडे कोसळले आणि ‘मार्केट पडलं का?’ असे फोन आले. मार्केट जागच्या जागी होतं, फक्त मापटं बदललं होतं.

आता २०१६. माझ्या मते या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त घोळ त्या वर्षाने घातला.

त्या वर्षीच्या जूनपर्यंत प्रत्येक स्पेलिंगला आपापला आकडा होता. एक ‘पी’वाले किती, दोन ‘पी’वाले किती, ‘चप्पल’ किती आणि ‘चप्पल्स’ किती, सगळं वेगवेगळं. जूनच्या सुमारास प्लॅनरने ‘क्लोज व्हेरिएंट’ एकत्र करायला घेतले. एकवचन-अनेकवचन, चुकीची स्पेलिंग, जोडून-तोडून लिहिलेले शब्द अशी जवळची रूपं एका गटात टाकायची, गटाची बेरीज करायची आणि तीच बेरीज गटातल्या प्रत्येक रूपासमोर लिहायची. यातला शेवटचा भाग घातक. बेरीज एकदाच दाखवली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. ती प्रत्येक ओळीत छापल्यामुळे यादी घेऊन बसलेला माणूस तिची पुन्हा बेरीज करतो. चप्पल लाईनमधला कागद तसाच झाला होता.

कंपनीच्या बाजूने बघितलं तर यात तर्क आहे. २०१४ पासून जाहिरातदाराला क्लोज व्हेरिएंट नाकारायची सोयच उरली नव्हती. ‘चप्पल’वर बोली लावली की ‘चप्पल्स’ आणि ‘चपल’ शोधणाऱ्यालाही जाहिरात दिसणार. मग ज्याला सगळा गट विकत घ्यावाच लागतो, त्याला गटाचाच आकडा दाखवला तर खोटं काय? जाहिरातदारापुरतं काहीच खोटं नाही. साइटचा मजकूर लिहिणाऱ्याला मात्र अमुक रूप लोक खरंच लिहितात का, तेवढंच हवं असतं, आणि नेमकी तीच माहिती गेली. शीर्षकात ‘चप्पल’ लिहावं की ‘चप्पल्स’, याचं उत्तर प्लॅनरमधून मिळेनासं झालं. काही जण म्हणतात, बरंच झालं, प्रत्येक चुकीच्या स्पेलिंगसाठी वेगळं पान काढायचा आचरटपणा थांबला. तेही खरं आहे. पण आचरटपणा थांबवायला रकाना रिकामा ठेवता आला असता, त्यात दुसऱ्याचा आकडा भरायची गरज नव्हती.

मराठी माणसाला यात एक जादा गाठ बसली. एकत्र करण्याचं काम रोमन रूपांवर बरंचसं नीट चालतं. पण देवनागरीतली ‘कोल्हापुरी चप्पल’ आणि रोमनमधली तीच चप्पल माझ्या यादीत कायम वेगळ्या ओळींत, वेगळ्या आकड्यांनी आली. मागणी एकच, लिपी दोन. म्हणजे जिथे बेरीज करायला नको तिथे टूल आपणहून करून देतं, आणि जिथे आपण करायला हवी तिथे ते गप्प बसतं. भाषेचा पर्यायही फसवा आहे. प्लॅनरमध्ये ‘मराठी’ निवडलं की मराठीत लिहिलेले शोध मिळतील असं वाटतं. ती निवड नुसत्या लिहिलेल्या शब्दांवर ठरत नाही, लिहिणाऱ्याच्या गूगलच्या भाषा-सेटिंगसारख्या खुणाही त्यात धरल्या जातात. सेटिंग इंग्रजी ठेवून मराठीत टाईप करणारे तर आपल्याकडे घराघरांत आहेत.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरा दणका. ज्यांचा जाहिरातीवर खर्च थोडा किंवा शून्य, त्यांना नेमक्या आकड्याऐवजी पट्टा दिसू लागला : १०० ते १ हजार, १ हजार ते १० हजार. प्रोग्रॅम लावून आकडे ओढून नेणाऱ्यांना आवर घालायचा, असं कारण सांगितलं गेलं. पण भरडली गेली लहान गावांतली लहान दुकानं. १ हजार ते १० हजार या पट्ट्यात दुकान काढावं की नाही, इतका फरक मावतो.

ज्यांना आकडा दिसतो तोही पायऱ्यांवर उभा असतो. १,०००, १,३००, १,६००, १,९००, २,४००, २,९००, ३,६००, ४,४००, ५,४००, ६,६००, ८,१००, ९,९०० अशी ती शिडी. मधलं काही दिसतच नाही. खरा आकडा जवळच्या पायरीवर नेऊन बसवलेला असतो. त्यामुळे १,९०० चे २,४०० झाले म्हणजे पाचशे शोध वाढले असं नाही. पायरीच्या कडेला रेंगाळणाऱ्या शब्दाला थोडे शोधही वर ढकलायला पुरतात. वर जावं तसं अंतर वाढतं : ९०,५०० नंतर एकदम १,१०,०००. आणि हा सगळा हिशेब बहुधा मागच्या बारा महिन्यांच्या सरासरीचा. जोतिबाच्या चैत्र यात्रेचे, अंबाबाईच्या नवरात्राचे, पावसाळ्यातल्या पन्हाळ्याचे शोध सरासरीत सपाट होतात. लॉजवाल्याला वर्षभर सारखा धंदा दिसतो आणि ऐन हंगामाच्या महिन्यात त्याची जाहिरात बंद असते.

शब्दाचा अर्थ टूलला कळत नाही, हे आपल्या गावाइतकं क्वचित कुठे जाणवत असेल. ‘महालक्ष्मी’ टाका. त्यात अंबाबाईचं देऊळ आहे, मुंबईचं देऊळ आहे, मुंबईतलं रेल्वे स्टेशन आहे, आणि रात्री कोल्हापूरला यायची एक्स्प्रेसही आहे. ‘कास्टिंग’ टाका. उद्यमनगर आणि शिरोलीच्या फौंड्रीवाल्याला अपेक्षित असलेलं लोखंडाचं ओतकाम आणि नट-नट्यांची निवड एकाच रकान्यात येतात. फौंड्रीवाल्याच्या कामाचा शब्द जरा नेमका केला, धातू आणि भागाचं नाव जोडलं, की आकडा १० नाहीतर सरळ रेघ. पण त्या दहांतला एक जण ड्रॉइंग पाठवतो आणि पुढची काही वर्षं काम चालू राहतं. उलट ‘पायताण’ हा आपला रोजचा शब्द, तो शोधात कुणी टाईप करत नाही. कापशी, पुकारी, कुरुंदवाडी ही चपलेच्या प्रकारांची नावं दुकानात विचारली जातात, टूलमध्ये जेमतेम उमटतात. ठिकाण ‘कोल्हापूर’ निवडून चप्पलांची मागणी बघणारेही भेटतात. कोल्हापुरात राहणारा माणूस चप्पल गूगलवर कशाला शोधेल? तो लाईनीत जातो, करकर वाजवून बघतो आणि भाव पाडतो. शोधणारा पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशात बसलेला असतो.

प्लॅनरमधल्या ‘कॉम्पिटिशन’ या रकान्याबद्दल एवढंच, की ती जाहिरातदारांची चढाओढ आहे. ‘लो’ बघून ‘इथे पहिला नंबर सोपा’ असं ठरवणं म्हणजे एपीएमसीतला लिलाव बघून शेतातल्या पिकाचा अंदाज बांधणं.

प्लॅनर असा धूसर झाल्यावर बाहेरच्या टूलवाल्यांची चलती झाली. त्यांच्याकडे दोन गोष्टी असतात : प्लॅनरचेच आकडे, आणि ब्राउझरच्या एक्स्टेंशनमधून किंवा तत्सम सॉफ्टवेअरमधून गोळा होणारा ‘क्लिकस्ट्रीम’, म्हणजे नमुन्यातली माणसं कुठून कुठे गेली त्याची नोंद. त्या नमुन्यावरून गटाची बेरीज पुन्हा फोडून स्पेलिंगनिहाय वाटून दिली जाते. नमुना मोठा तर वाटणी बरी, छोटा तर ठोकताळा. यातली एक मोठी पुरवठादार कंपनी अँटिव्हायरसमधून हा माल उचलत होती. पत्रकारांनी ते उघड केलं आणि जानेवारी २०२० मध्ये तिला कुलूप लागलं. दोन टूल एकाच शब्दाला दोन आकडे देतात, कारण प्रत्येकाचा नमुना वेगळा आणि वाटणीचं सूत्रही वेगळं. ‘डिफिकल्टी’चंही, म्हणजे त्या शब्दावर वरचा नंबर मिळवणं किती अवघड याच्या आकड्याचंही, तसंच. ० ते १०० चं ते माप प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने बेतलेलं आहे, आणि बहुतेकांत वरच्या निकालांना किती साइटींनी लिंक दिली याला जास्त वजन असतं. देवनागरी शब्दांना तिथे सर्रास शून्य दिसतं. मराठी साइटींना लिंक देतो कोण?

स्वतःचा म्हणावा असा आकडा राहिला तो सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपली साइट कुठल्या शोधांत दिसली ते मालकाला दाखवणाऱ्या गूगलच्या टूलमध्ये. २०१८ मध्ये त्यातल्या नोंदींची मुदत ९० दिवसांवरून १६ महिन्यांवर गेली, तेव्हा कुठे यंदाचं नवरात्र गेल्या नवरात्राशी ताडून बघता आलं. फार थोड्यांनी केलेले शोध तिथे लपवलेले असतात, पण निदान आपल्याच दारातली मोजणी. तिलाही सप्टेंबर २०२५ मध्ये हादरा बसला. एका पानावर शंभर निकाल मागवायची सोय गूगलने बंद केली, आणि ती वापरून नंबर तपासणारे प्रोग्रॅम थंडावले. त्यांच्यामुळे फुगलेली इम्प्रेशन्स, म्हणजे निकालात साइट किती वेळा दिसली त्याची मोजणी, उतरली, सरासरी स्थान मात्र सुधारल्यासारखं दिसलं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या टूलमधलं भूत इथपर्यंत आलं होतं म्हणायचं. त्याच्या वर्षभर आधी, ऑगस्ट २०२४ पासून, भारतात शोधाच्या डोक्यावर एआयने लिहिलेलं उत्तर दिसू लागलं. शोध झाला म्हणजे कुणीतरी कुठेतरी क्लिक केलंच, हे गृहीत तेव्हापासून आणखी सैल झालं.

चप्पल लाईनमधल्या त्या दुकानाचा फोन परवा पुन्हा आला. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना, तेव्हाही आला होता. जून २०२५ मध्ये इटलीतल्या एका बड्या फॅशन घराण्याने मिलानच्या रॅम्पवर हुबेहूब आपल्यासारखी चप्पल उतरवली, सुरुवातीला श्रेय दिलं नाही, आणि देशभर बोंब झाली. त्या आठवड्यांत जगभरातून हा शब्द शोधला गेला. आता पोरगा स्वतःच दुकान बघतो. त्याने आकडा वाचून दाखवला आणि विचारलं, सर, एवढा माल भरू काय? मी त्याला सरासरी मिटवून आलेखातले महिन्यामहिन्याचे खांब उघडायला सांगितले. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाला, “एकच खांब ताडासारखा हाय. बाकी सगळं बसकंच.”