बोस्टनच्या बारमधून सिॲटलला: 'फ्रेझर'ची पार्श्वभूमी

'फ्रेझर' या अमेरिकन विनोदी मालिकेचा नायक फ्रेझर क्रेन मुळात दुसऱ्याच मालिकेत पाहुणा म्हणून आला होता. एनबीसी वाहिनीवर १९८२ साली सुरू झालेली 'चीअर्स' ही बोस्टनमधल्या एका बारची गोष्ट. तिसऱ्या पर्वात, १९८४ मध्ये, बारमालक सॅम आणि वेट्रेस डायॅन यांच्या प्रेमाच्या मध्ये येणारा एक मानसोपचारतज्ज्ञ हवा होता. काही भागांपुरतंच ते काम. पण केल्सी ग्रामरने तो असा उभा केला, की १९९३ मध्ये मालिका संपली तेव्हाही फ्रेझर त्या बारमध्येच होता.

दुय्यम पात्र गाजलं की त्याला वेगळी मालिका काढून द्यायची, ही स्पिनऑफची चाल टीव्हीच्याही आधीची. 'फिबर मगी अँड मॉली' या रेडिओ मालिकेतला शेजारी गिल्डरस्लीव्ह १९४१ मध्येच स्वतःच्या कार्यक्रमाचा नायक झाला. सत्तरच्या दशकात सीबीएस वाहिनीवर तर रांगच लागली. 'ऑल इन द फॅमिली'मधून १९७२ मध्ये 'मॉड' निघाली, १९७५ मध्ये 'द जेफरसन्स', आणि ती अकरा पर्वं चालली. 'मेरी टायलर मूर शो'मधली मेरीची मैत्रीण ऱ्होडा १९७४ मध्ये वेगळी झाली. तिचं पहिल्याच पर्वात थाटात लग्न लावलं, ते प्रचंड पाहिलं गेलं. पण लोकांना ऱ्होडा आवडायची ती एकटीने झगडणारी म्हणून. सुखी संसारात लेखकांना तिचं काय करावं कळेना. तिसऱ्या पर्वात नवरा-बायकोची ताटातूट केली, तर प्रेक्षकच दुरावले.

इथेच या प्रकाराची खरी मेख आहे. दुय्यम पात्र हसवतं ते आजूबाजूच्या माणसांमुळे. त्याला मधोमध आणून बसवलं की ती माणसं जातात, आणि नवी माणसं विचारपूर्वक उभी करावी लागतात.

'फ्रेझर'चे निर्माते डेव्हिड एंजेल, पीटर केसी आणि डेव्हिड ली यांनी हे नेमकं ओळखलं. आधी त्यांना ग्रामरला घेऊन भलतीच मालिका करायची होती: अंथरुणाला खिळलेला एक श्रीमंत प्रकाशक. पॅरामाउंट स्टुडिओने फ्रेझरचाच आग्रह धरला. तेव्हा तिघांनी त्याला बोस्टनपासून होता होईल तेवढं लांब, सिॲटलला, नेऊन ठेवलं, म्हणजे जुनी मंडळी ऊठसूट येणार नाहीत. बारमध्ये फ्रेझर सगळ्यांत शिष्ट होता. इथे त्याच्याहून शिष्ट असा धाकटा भाऊ नाइल्स दिला. आणि घरात आणून बसवले वडील मार्टिन, गोळी लागून निवृत्त झालेले पोलीस.

पहिल्याच भागात मार्टिन आपली आरामखुर्ची घेऊन येतात. फ्रेझरच्या निवडक, महागड्या फर्निचरमध्ये ती जुनाट, ठिकठिकाणी चिकटपट्टी लावलेली खुर्ची टीव्हीसमोर मांडली जाते आणि शेवटपर्यंत तो वाद मिटत नाही. बाप-मुलाचं सगळं नातं त्या एका वस्तूत दिसतं. मला तरी टीव्हीवर याहून नेमकी सुरुवात आठवत नाही.

एक अडचण होती. 'चीअर्स'मध्ये फ्रेझरने वडील शास्त्रज्ञ होते आणि वारले, असं सांगितलेलं. दुसऱ्या पर्वात सॅम पाहुणा आला तेव्हा ते मार्टिनसमोरच उघडं पडलं: भांडणाच्या रागात फ्रेझर तसं बोलला होता. जुनी विसंगती लपवण्याऐवजी तिचंच कथानक केलं, आणि ते बापाला लागणारं होतं.

'फ्रेझर'ला १९९४ ते १९९८ अशी सलग पाच वर्षं सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचं एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं मानाचं पारितोषिक, मिळालं. सगळ्या विभागांतली मिळून एमी ३७. एंजेल मात्र शेवट पाहू शकले नाहीत. ११ सप्टेंबर २००१ रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटरवर आदळवलेल्या पहिल्या विमानात ते पत्नीसह होते.

२६४ भागांनंतर १३ मे २००४ रोजी मालिका संपली. त्याच्या आदल्याच आठवड्यात 'फ्रेंड्स' संपली होती, आणि सप्टेंबरमध्ये एनबीसीने तिच्यातल्या जोईला घेऊन 'जोई' ही स्पिनऑफ आणली. जोईला बहीण मिळाली, भाचा मिळाला, लॉस एंजेलिस मिळालं; पण 'फ्रेंड्स'मधला त्याचा जिवलग मित्र चँडलर, त्याची जागा घेणारं कोणी मिळालं नाही. दुसऱ्याच पर्वात ती गुंडाळली.

पुढे २०२३ मध्ये 'फ्रेझर' पॅरामाउंट प्लस या स्ट्रीमिंग सेवेवर परतली, पुन्हा बोस्टनमध्ये. मार्टिन करणारे जॉन महोनी २०१८ मध्ये वारले होते आणि डेव्हिड हाइड पिअर्स यांनी नाइल्स पुन्हा करायला नकार दिला. ग्रामर तोच होता, तरी मालिका दोन पर्वांतच थांबली.