‘ह्यू लिंडसे’ : चाकं इतकी खाली का बसवली आहेत?

दोन्ही बाजूंना फळ्यांची चाकं असलेल्या ‘ह्यू लिंडसे’ या आगबोटीचं मॉडेल खोक्यातून काढलं की बहुतेकांचा पहिला फोन याच शंकेचा असतो : "चाकं चुकून खाली बसली आहेत का हो?" चूक नाही. 20 मार्च 1830 ला ही आगबोट मुंबईहून सुएझला निघाली तेव्हा कोळशाच्या ओझ्याने अशीच दबली होती, म्हणून पाण्याची रेषा आम्ही मुद्दाम वर घेतली आहे.

मूळ बोट मुंबई गोदीत वाडिया या जहाजबांधणाऱ्या घराण्याच्या हाताखाली बांधली गेली. 411 टन, 80 अश्वशक्तीची दोन इंजिनं. कोळशाची जागा जेमतेम साडेपाच दिवसांची, आणि वाटेतल्या एडन बंदरापर्यंतच अकरा दिवस! मग केबिनीत कोळसा, डेकवर कोळसा. सोबतच्या पुडीतला काळा चुरा त्यासाठीच आहे. गोंदाने चिकटवा, हात राखून नको.

चाक हळूच फिरवून पाहा. फळी पाण्याला मागे रेटते ती चाकाच्या तळाशी. चाक फार बुडालं तर उतरणारी फळी पाणी खाली दाबते, चढणारी वर उचलते, आणि वाफ त्यातच खर्ची पडते. कोळसा जळेल तशी बोट वर येई, वेग वाढे. फार हलकी झाली तर फळ्या पाण्याला जेमतेम शिवत. लाटेत बोट कलली की एक चाक हवेत, दुसरं खोल. म्हणूनच मॉडेलवर शिडंही ठेवली आहेत. ती शोभेची नव्हती, वारा मिळाला की तेवढाच कोळसा वाचे.

धुराड्याखालचं काम मॉडेलमध्ये दिसत नाही. बॉयलरमध्ये समुद्राचंच पाणी असे. आटेल तसं खारट होई. ते अधूनमधून बाहेर सोडलं नाही तर आत मिठाचा थर बसे. एवढं तापवलेलं पाणी समुद्रात ओतायचं, म्हणजे कोळसाच ओतायचा.

एडनला पोहोचली तेव्हा सहा तासांपुरताच कोळसा उरला होता, असं सांगतात. 22 एप्रिलला सुएझ गाठलं. 33 दिवसांतले सुमारे 21 दिवसच चाकं फिरली, बाकीचे वाटेतल्या बंदरांत गेले, मुख्यतः कोळसा भरण्यात. तो कोळसा शिडाच्या जहाजांनी आधीच पुढे नेऊन ठेवावा लागे! पुढे 1839 मध्ये इंग्रजांनी एडन घेतलं, त्यामागे कोळशाच्या ठाण्याची गरज हे मोठं कारण होतं. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यापुढे मात्र या इंजिनांचं काही चालत नसे. दुसरी फेरी निघाली ती डिसेंबर 1830 मध्ये. मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम तिनेच मुंबई सोडून गेले.

जपणूक : धूळ मऊ ब्रशने झाडा, ओलं फडकं नको. पाण्यात सोडू नका, मुलं हमखास सोडतात. चाक अडकलं तर तेल घालू नका, लाकूड काळं पडतं. खोक्यासकट दुकानात आणा, थांबलात तर समोरच करून देऊ.