पाकळीतलं पाणी काढताना

शरद ऋतूत बाग शेवटची मोठी उधळण करते. झिनिया, शेवंती, झेंडू, कोंबडा, हायड्रेंजिया सगळी एकदम भरात असतात, आणि कडाक्याची थंडी पडली की एका रात्रीत काळी पडणार हेही ठरलेलं असतं. याच दिवसांत घरात एखादं कार्य निघतं, पाहुणे येतात, फुलदाण्या भरल्या जातात. सगळं आटोपलं की यातली थोडी फुलं वाळवून ठेवावीत असं कुणाच्या तरी मनात येतं. आठवड्याभराने हाती उरतो तो बहुधा तपकिरी चोळामोळा. फुलाची निवड चुकलेली असते, किंवा वाळायला फार वेळ गेलेला असतो.

ताज्या पाकळीच्या वजनात साधारण ८० ते ९० टक्के पाणीच असतं. पाकळी ताठ राहते तीही याच पाण्याच्या जोरावर, कारण तिच्यात लाकडासारखा कठीण भाग जवळजवळ नसतोच. प्रत्येक पेशीच्या मधोमध रिक्तिका, म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी असते आणि ती पेशीभित्तिकेला आतून रेटत राहते. वनस्पतींच्या पेशींतला हा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या ३ ते १० पट असू शकतो. मोटारीच्या टायरमध्ये तो दोन-अडीच पट असतो. पाणी कमी झालं की हा रेटा जातो आणि पाकळी मान टाकते. उरलंसुरलं पाणीही गुपचूप जात नाही. ते बारीक फटींतून निघताना पृष्ठताणामुळे आजूबाजूच्या भिंती एकमेकींकडे ओढल्या जातात. सुरकुत्या पडतात त्या इथे.

रंगाचं वेगळंच चालू असतं. पेशी जिवंत असते तोवर फेनॉल वर्गातली द्रव्यं एका कप्प्यात आणि त्यांना तपकिरी करणारी विकरं (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात बंद असतात. पेशी वाळू लागली की मधले पडदे फाटतात, दोन्ही एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि चिरलेल्या सफरचंदात होतं तेच इथे होतं. पण विकरांना काम करायला पाणी लागतं. पाकळी एका मर्यादेपलीकडे कोरडी झाली की ती थंडावतात. त्यामुळे ही शर्यत आहे: आधी पाकळी कोरडी होते की आधी ती तपकिरी होते? दमट खोलीत गच्च बांधलेला जाड गुच्छ ही शर्यत हमखास हरतो, आणि पांढरी फुलं सगळ्यांत आधी. भरपूर उष्णता देऊन शर्यत जिंकू म्हटलं, तर रंगद्रव्यंच मोडतात.

रंगद्रव्यांचेही स्वभाव निरनिराळे. झेंडूचा पिवळा-केशरी रंग कॅरोटिनॉइडांचा. ती पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे पाणी गेल्याचा त्यांना तेवढा फरक पडत नाही. गुलाबाचा लाल रंग अँथोसायनिनांचा, आणि ती रिक्तिकेतल्या पाण्यातच विरघळलेली असतात. पाणी आटलं की तेवढंच रंगद्रव्य इवल्याशा जागेत दाटतं, शिवाय अँथोसायनिनांची छटा आम्लतेवर ठरत असल्याने ती सरकतेही. गर्द लाल गुलाब वाळल्यावर काळपट जांभळा दिसतो तो यामुळे. लाल गुलाब हवाच असेल तर ताजेपणी जरा फिका वाटणारा निवडावा. वाळल्यावर तो बरोबर रंगावर येतो.

पण माझं मत विचाराल तर गुलाबाच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही. वाळवायला सगळ्यांत सोपी फुलं म्हणजे ज्यांचा रंगीत भाग मुळात पाकळीच नसतो. बोगनवेलीत आणि गोम्फ्रेनात रंग असतो तो छदांचा, म्हणजे फुलाखालच्या बदललेल्या पानांचा. स्टॅटिसमध्ये रंगीत कागदी भाग निदलपुंजाचा, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या वेढ्याचा असतो. खऱ्या पाकळ्या त्यातून डोकावणाऱ्या चिमुकल्या, बहुधा पांढऱ्या. हायड्रेंजियाचे मोठाले गेंद निदलांचे. हे भाग पातळ असतात आणि त्यांत पाणीही कमी. हायड्रेंजिया मात्र कोवळा असताना तोडला तर लोळागोळा होतो. झाडावरच जून होऊन हाताला कागदासारखा लागू लागला की तोडावा.

या सगळ्यांत स्ट्रॉफ्लॉवर अजब. त्याची चकचकीत ‘पाकळी’ बोटांत धरली तर कुरकुरते, झाडावर असतानाच. हेही छदच, आणि फूल उमलतं तेव्हा त्यांतल्या पेशी आधीच मेलेल्या असतात. एक पूर्ण वाळलेलं स्ट्रॉफ्लॉवर घ्या आणि त्यावर पाण्याचा फवारा मारा. काही वेळात बाहेरचे छद आत वळू लागतात आणि फूल मिटतं. कोरड्या हवेत ठेवा, पुन्हा उघडतं. छदाच्या बुडाशी बाहेरच्या बाजूच्या पेशीभित्तिका पाणी पिऊन आतल्यांपेक्षा जास्त फुगतात आणि अख्खा छद आत ढकलतात. यात जीव कुठेच नाही, नुसतं लाकडासारखं फुगणं आणि आकसणं आहे. म्हणून फूल घरात आणल्यावर वर्षभरानेही हा खेळ होतो. तोडताना बाहेरच्या दोन-तीन ओळीच उघडलेल्या असाव्यात, कारण वाळता वाळता ते आणखी उमलतं.

साधी पद्धत म्हणजे उलटं टांगणं. दाब गेलेला देठ फुलाच्या वजनाने वाकतो. उलटा टांगला की तेच वजन त्याला सरळ ठेवतं. दव उडाल्यावर तोडावं, जुड्या बारीक बांधाव्यात आणि हवा खेळेल पण ऊन येणार नाही अशा जागी टांगाव्यात. हवा हलती लागते, कारण पाकळीभोवती बाष्पाचा पातळ थर साचतो आणि तो हटल्याशिवाय पुढचं पाणी निघत नाही. रबर बँड दोरीपेक्षा बरा. देठ आकसले तरी त्याची पकड सुटत नाही.

आकार जसाच्या तसा हवा असेल तर सिलिका जेल. नाव जेल असलं तरी हे कोरडे कण असतात, वाळूचे भाऊबंदच, पण आतून सूक्ष्म छिद्रांनी भरलेले. एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो, आणि दमट हवेत ते स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं बाष्प पकडू शकतं. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर पॅट्रिक यांना ते बनवण्याच्या पद्धतीचं पेटंट १९१९ मध्ये मिळालं. फुलाच्या दृष्टीने त्याचे उपयोग दोन: बाष्प झटपट ओढणं, आणि पाकळीला चहूबाजूंनी आधार देऊन सुरकुतू न देणं. झाकणबंद डब्यात कण हळूहळू ओतून फूल पुरतं बुडवायचं. आठवड्याच्या आत काम होतं. बारीक वाळू फक्त आधार देते, पाणी ओढत नाही, म्हणून तिला वेळ लागतो आणि डबा उघडा ठेवावा लागतो. ओलं झाल्यावर गुलाबी होणाऱ्या निळ्या कणांत कोबाल्ट क्लोराइड हे विषारी द्रव्य असतं, तेव्हा ते टाळून नारिंगी कण घ्यावेत. भुकटी नाकात जाऊ देऊ नये.

कोरडी आणि अंधारी जागा काय करू शकते हे पाहायचं तर इजिप्तकडे बघावं. पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर यांना १९२२ मध्ये सापडलेल्या तुतनखामून या प्राचीन राजाच्या थडग्यात शवपेटीवर ऑलिव्हची पानं आणि निळी कॉर्नफ्लॉवर गुंफलेला छोटा हार होता. तीन हजारांहून अधिक वर्षांनीही ही फुलं ओळखता आली, इतकी की ती कोणत्या महिन्यांत फुलतात यावरून दफन मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत झालं असावं असा अंदाज बांधता आला.

घरातली हवा तेवढी कोरडी नसते. वाळलेलं फूल भोवतालच्या आर्द्रतेशी सतत देवाणघेवाण करत राहतं, आणि सापेक्ष आर्द्रता बराच काळ ७० टक्क्यांच्या वर राहिली तर बुरशी धरते. उन्हात ठेवलं तर रंग उडतो, त्यावर उपाय नाही. फुलांखाली भुकटी पडलेली दिसली तर ती किड्यांची समजावी. तंबाखू आणि मसाले पोखरणारे भुंगेरे वाळलेल्या फुलांवरही ताव मारतात. अशी फुलं प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडा-दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवावीत. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत दव बाहेरून धरू द्यावं, नाहीतर ते फुलांवरच बसतं.