पाळणाघराचे अनुदान आणि अहवालांची चळत: पार्श्वभूमी

पुण्यात सरकारी अनुदानावर पाळणाघर चालवणाऱ्या संस्थेला आज दोन प्रकारचा हिशेब द्यावा लागतो. मिळालेला पैसा कुठे खर्च झाला हा पहिला, आणि मुले रोज आली का, जेवली का, त्यांचे वजन वाढले का, हा दुसरा. हे दोन्ही हिशेब एकाच वेळी, एकाच विचाराने ठरलेले नाहीत. त्यांचे उगम वेगळे आहेत आणि नवी नोंद आली म्हणून जुनी गेली, असे या क्षेत्रात क्वचितच घडले आहे.

सुरुवातीला अहवालाचा प्रश्नच नव्हता, कारण सरकार पैसे देत नव्हते. 1934 च्या कारखाना कायद्याने पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली राखून ठेवण्याचे नियम करण्याची मुभा प्रांतिक सरकारांना दिली. 1948 च्या कायद्यातील कलम 48 ने पाळणाघर बंधनकारक केले आणि 1976 च्या दुरुस्तीने ही मर्यादा तीस स्त्रियांवर आली. पाळणाघराचा खर्च मालकाने करायचा आणि ते आहे की नाही हे कारखाना निरीक्षकाने पाहायचे, अशी ही व्यवस्था होती. आत कोणते मूल किती दिवस आले, हे महिन्याच्या महिन्याला सरकारला कळवण्याची अपेक्षा तीत नव्हती.

सरकारी मदतीचा मार्ग स्वयंसेवी संस्थांमधून गेला. 1953 मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाने, दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली, संस्थांना अनुदान देण्याची पद्धत रुजवली. 1975 मध्ये नोकरी करणाऱ्या आणि आजारी मातांच्या मुलांसाठी पाळणाघर योजना आली, तीही याच धाटणीने, म्हणजे मंडळासारख्या मध्यस्थ संस्थांमार्फत राबवली गेली. येथे मुख्य कागद होता उपयोगिता प्रमाणपत्र. दिलेली रक्कम ज्या कामासाठी दिली त्याच कामावर खर्च झाली, एवढेच ते सांगते. मुलाविषयी त्यात काहीच नसते, आणि असण्याचे कारणही नाही, कारण तो लेखाविभागाचा कागद आहे.

1 जानेवारी 2006 पासून राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना लागू झाली तेव्हा मात्र मुलांची हजेरी आणि पैसा एकमेकांत गुंतले. हा हिशेब जवळून पाहण्यासारखा आहे. एका पाळणाघरात 25 मुले, महिन्याला 26 दिवस आणि पूरक आहारासाठी मुलामागे रोज 2 रुपये 8 पैसे, म्हणून आहाराचे महिन्याला 1,352 रुपये. औषधे आणि किरकोळ खर्चाचे 350 रुपये धरून 1,702 रुपये, आणि त्याचे नव्वद टक्के म्हणजे 1,532 रुपये सरकारचे, उरलेले संस्थेचे. दोन कार्यकर्त्यांच्या मानधनाचे 2,000 रुपये धरून सरकारचा वाटा 3,532 रुपये होतो. ठरलेली रक्कम किंवा प्रत्यक्ष खर्च यांपैकी जे कमी असेल त्यावर अनुदान, हा नियम असल्यामुळे हजेरीपट हा आपोआप पैशाचा कागद झाला. हजार रुपये मानधन घेणाऱ्या बाईने रोज सकाळी भरलेल्या रकान्यांवर आहाराचे दोन-दोन रुपये अवलंबून राहू लागले. मुलाची खबर घेण्यासाठी असलेली नोंद अशी रक्कम कापण्याचा आधार होते, तेव्हा ती कितपत खरी राहते, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

1 जानेवारी 2017 पासून ही योजना राष्ट्रीय पाळणाघर योजना या नावाने राज्यांमार्फत राबवली जाऊ लागली आणि केंद्र, राज्य व संस्था यांचा वाटा 60:30:10 असा झाला. पालकांकडून शुल्क घेण्याची तरतूदही होती: दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाकडून महिन्याला 20 रुपये, इतरांकडून उत्पन्नानुसार 100 किंवा 200. म्हणजे शुल्काचा आणखी एक हिशेब आला. त्याच वर्षीच्या केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम 238 नुसार उपयोगिता प्रमाणपत्र नमुना 12-क मध्ये, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यायचे असते.

दुसरा हिशेब अंगणवाडीकडून आला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत जे काम सुरू केले त्यातले ‘अंगणवाडी’ हे नाव पुढे देशभर गेले, पण 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांनी सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना ही सरकारी यंत्रणा होती आणि तिची भाषाही यंत्रणेची होती. सेविकेचा मासिक प्रगती अहवाल मुख्यसेविकेकडे, तिच्याकडून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे आणि तेथून वर, असा तो प्रवास आहे. अन्नाच्या हक्काच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 आणि 13 डिसेंबर 2006 रोजी दिलेल्या आदेशांनंतर अंगणवाडी केंद्रांची संख्या वाढत गेली आणि आकड्यांची मागणीही. 2012 मध्ये या नोंदींची फेरमांडणी होऊन अकरा रजिस्टरे ठरली: कुटुंबाची माहिती, आहाराचा साठा, आहाराचे वाटप, वजन, लसीकरण, गृहभेटी वगैरे. ही सुटसुटीत केलेली यादी होती, हे मुद्दाम सांगायला हवे.

2018 मध्ये पोषण अभियान सुरू झाले तेव्हा कागद जाऊन मोबाइल येईल, असे सांगण्यात आले. 1 मार्च 2021 रोजी अंगणवाडीच्या नोंदी भरण्याचे पोषण ट्रॅकर हे ॲप आले. त्याच ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. मोबाइल निकृष्ट आहेत आणि ॲपमध्ये इंग्रजीत माहिती भरावी लागते, या त्यांच्या मुख्य तक्रारी होत्या. त्या कामचुकारपणाच्या नव्हत्या. ज्या बाईला मराठीत रजिस्टर उत्तम भरता येत होते, तिला दुसऱ्याच्या मुलाकडून ॲप भरून घ्यावे लागत असेल, तर दोष तिच्यात शोधता येत नाही.

2022 मध्ये पाळणाघर योजना केंद्राच्या मिशन शक्ती या महिलांसाठीच्या एकत्रित योजनेखाली ‘पाळणा’ या नावाने आली आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना पुढे आली. येथे दोन्ही हिशेब एका छताखाली आले. पुण्यासारख्या ठिकाणी त्यातली अडचण लगेच जाणवते. वाघोली किंवा हिंजवडीच्या बांधकामावर मराठवाड्यातून आलेल्या जोडप्याचे मूल गावच्या अंगणवाडीच्या पटावर असते, काम संपले की कुटुंब दुसऱ्या साइटवर जाते आणि तीन महिन्यांच्या हजेरीचा आलेख मध्येच तुटतो. अशा मुलांसाठी दिल्लीत 1969 मध्ये मीरा महादेवन यांनी बांधकामांवरच पाळणाघरे सुरू केली होती, आणि हे काम पुढे मुंबई-पुण्यातही आले. सरकारी नोंदीत स्थलांतराची सोय मात्र फार उशिरा आली: पोषण ट्रॅकरमध्ये लाभार्थी दुसऱ्या केंद्राकडे वर्ग करता येतो आणि महाराष्ट्राने स्थलांतरितांच्या नोंदीची स्वतंत्र प्रणालीही उभी केली आहे. घरी न्यायच्या आहारासाठी 1 जुलै 2025 पासून लाभार्थ्याची चेहरा पडताळणी सक्तीची झाली, ही यातली अलीकडची भर. उपयोगिता प्रमाणपत्र मात्र अजूनही दर वर्षाचे वेगळे द्यावेच लागते.